एका औषधाच्या दोन परीक्षा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गडचिरोली, चंद्रपूर किंवा नंदुरबार जिल्ह्यातील लोकांना ‘सिकलसेल’ हा शब्द नवा नाही. ज्यांनी तो ऐकलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतूनही त्या अंग चोरून निघून जातात. सिकलसेलच्या रुग्णाला आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आलेला असतो. त्यामुळे प्राणवायू कमी झाला की त्याचे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते आणि पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. अशा पेशी वाहिनीत अडकल्या की रक्त तुंबते आणि हाडांत, पाठीत, छातीत असह्य कळा सुरू होतात. डॉक्टर याला ‘पेन क्रायसिस’ म्हणतात. थंडी, ताप, शरीरात पाणी कमी पडणे, अतिश्रम ही त्याची निमित्ते. कधी कधी तर काही निमित्तही लागत नाही.

या दुखण्यावर नवे औषध आले, तर ते गुणकारी आहे हे ठरवायचे कसे? रक्तातील साखर मोजता येते, ताप मोजता येतो. वेदना मात्र कोणत्याच यंत्रावर दिसत नाही. म्हणून संशोधक क्रायसिस मोजतात. दुसरे कारण नसताना तीव्र वेदना झाली, दवाखान्यात जावे लागले आणि तेथे जोरकस वेदनाशामक द्यावे लागले, की एक क्रायसिस धरायचा. वर्षभरात असे किती आले ते पाहायचे.

पण यात एक मेख आहे. चाचणीत साहजिकच ज्यांना आदल्या वर्षी बराच त्रास झाला असे रुग्ण घेतले जातात. वाईट वर्षानंतरचे वर्ष पुष्कळदा आपोआपच थोडे बरे जाते. शिवाय चाचणीतील रुग्णाची विचारपूस अधिक होते, देखरेख वाढते. म्हणजे औषध नसतानाही आकडा खाली येऊ शकतो. म्हणून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे गट पाडतात. एका गटाला औषध, दुसऱ्याला तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रव्य. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही माहीत नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसते. दुसऱ्या गटाला वेदनेत तसेच सोडले जाते, असे मात्र नाही. वेदनाशामके आणि नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मिळतात.

क्रिझानलिझुमॅब या औषधाची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. रक्तवाहिनीच्या अस्तरावर ‘पी-सिलेक्टिन’ नावाचे प्रथिन असते. त्याला पेशी चिकटतात. ते झाकले, तर चिकटणे कमी होईल, ही कल्पना. पहिल्या मोठ्या चाचणीत अमेरिका, ब्राझील आणि जमैका येथील 198 रुग्ण होते. जास्त मात्रा मिळालेल्या गटात वर्षाला मध्यमानाने 1.63 क्रायसिस आले; औषध नसलेल्या गटात 2.98. घट जवळपास 45 टक्के! 2019 साली अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली, 2020 साली युरोपात सशर्त. अट अशी, की आणखी पुरावा द्यावा.

तो पुरावा गोळा झाला तेव्हा चित्र पालटले. 252 रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत औषधाच्या गटात वर्षाला सरासरी 2.5 क्रायसिस आले आणि औषध नसलेल्या गटात 2.3. फरक उरलाच नाही. मे 2023 मध्ये युरोपच्या औषध संस्थेने मान्यता काढून घेण्याची शिफारस केली. असे का झाले असावे? ही चाचणी कोविडच्या काळातही चालू होती. त्या दिवसांत दवाखान्यात जाण्याचे टाळणारे लोक होते, आणि मोजणी तर दवाखान्याच्या फेऱ्यांवरच होती. पहिल्या चाचणीत रुग्ण कमी होते, हेही खरेच. ज्यांना औषधाने बरे वाटत होते, त्या रुग्णांना हा निर्णय जड गेला असणार. पण निष्फळ औषध नसेतून घेत राहणे, हेही नुकसानच.

याउलट हायड्रॉक्सीयुरिया पाहा. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या 299 प्रौढांच्या चाचणीत औषध नसलेल्या गटात वर्षाला 4.5, तर औषधाच्या गटात 2.5 क्रायसिस आलेले दिसले. फायदा इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. हे जुने, तोंडाने घ्यायचे औषध आजही उपचाराचा कणा आहे. नव्या औषधाची बातमी ऐकून ते परस्पर बंद करू नये.

सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 2023 साली सुरू झाले आहे. तपासण्या वाढतील तशा नव्या औषधांच्या चाचण्याही आपल्या भागात येतील. तेव्हा घाबरून जाऊ नये आणि भुलूनही जाऊ नये. चाचणीची सरकारी नोंद आहे का, औषध नसलेल्या गटातील रुग्णांना कोणते उपचार मिळतील, इजा झाल्यास खर्च कोण करील, हे विचारावे. 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याचा रुग्णाला हक्क आहे. संमतिपत्र आपल्या भाषेत वाचून, समजून घेऊन मगच सही करावी. आणि नको वाटले, तर मधूनच बाहेर पडण्याचीही मुभा असते.