पोरखेळ

ब्यूनस आयर्सला २०१८ साली युवा ऑलिंपिक भरले. हॉकी म्हणजे अकरा गडी, हे आमचे जुने गणित. इथे मात्र गोलरक्षकासह पाचच गडी, आखूड मैदान आणि भोवती फळ्या! चेंडू त्यांवर आपटून पुन्हा खेळात हजर. "हा कसला पोरखेळ?" मी म्हणालो. चिरंजीव नुसते हसले.

अंतिम सामन्यात आपल्या मुलांना मलेशियाने ४-२ असे हरविले. मुलींना अर्जेंटिनाने ३-१ असे. दोन रौप्यपदके घरी आली, पण "दोन्हीकडे हारच ना!" म्हणून मी वर्तमानपत्र बाजूला सारले.

पुढे २०२१ साली टोकियोला भारताच्या पुरुषांनी ४१ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये हॉकीचे पदक मिळविले. त्या संघात विवेक सागर प्रसाद होता. चौथ्या आलेल्या महिला संघात सलीमा टेटे होती. दोघेही ब्यूनस आयर्सचे कर्णधार! चिरंजीवांनी जपून ठेवलेले तेव्हाचे कात्रण मुकाट्याने माझ्यापुढे ठेवले.

वर्गात नापास झालेल्या मुलाला "पुन्हा बस" म्हणून धीर देणारा मी. पण या पोरांचा निकाल मात्र एका सकाळीच लावून मोकळा झालो होतो. पोरखेळ कोणी केला, हे वाचकांना सांगायला नकोच!