भाषांच्या वाटा (भाग ९) : झाग्रेबचे ‘काय’

झाग्रेबच्या दोलात्स बाजारात भाजीवाल्यांची बोलणी ऐकताना मराठी माणसाला एक शब्द भाषांतराशिवाय कळतो. तो म्हणजे ‘काय’. उच्चार तोच, अर्थही तोच. दोन्ही शब्दांतला ‘क’ एकाच प्राचीन इंडो-युरोपीय प्रश्नार्थक सर्वनामाचा वारस आहे. पुढचे रूप मात्र दोन्हीकडे आपापल्या वाटेने घडले.

क्रोएशियात या शब्दावरून बोलीचे नावच पडले आहे. आपण मालवणी, वऱ्हाडी अशी प्रदेशावरून नावे देतो. तिथे ‘काय’ला काय म्हणतात त्यावरून बोली ओळखतात. झाग्रेब आणि वायव्येच्या झागोर्ये टेकड्यांत ‘काय’ म्हणणारी ती कायकावियन. एड्रियाटिकची बेटे, इस्त्रिया आणि किनाऱ्याचा काही भाग ‘चा’ म्हणतो, ती चाकावियन. स्लावोनियापासून दुब्रोव्निकपर्यंत उरलेला मोठा मुलूख ‘श्तो’वाला, म्हणून श्तोकावियन. ‘का?’ असे विचारायचे तर झाकाय, झाच आणि झाश्तो.

दुसरी ओळख स्वराची. जुन्या स्लाव्हिक भाषेतला ‘यात’ नावाचा एक स्वर झिजला आणि प्रत्येक भागात त्याच्या जागी वेगळा स्वर आला. दूध कुठे म्लेको, कुठे म्लिको, तर प्रमाणभाषेत म्लियेको. मूल तसेच : देते, दिते, दियेते. पण हा स्वर बोलींच्या सीमा पाळत नाही. डाल्मेशियातले अनेक श्तोकावियन लोक चाकावियन शेजाऱ्यांसारखेच ‘म्लिको’ पितात. किनाऱ्यावर शब्दाच्या शेवटच्या ‘म’चा ‘न’ होतो, म्हणून ‘मी पाहतो’ हे ‘विदिम’ तिथे ‘विदिन’. काही जुन्या किनारी शहरांत आणि बेटांवर तर ‘चा’चा ‘त्सा’ झाला आहे. म्हणजे ‘चार’मधला च जाऊन ‘चूल’मधला च आला. याच्या मुळाशी व्हेनिसची संगत असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

व्हेनिसने किनाऱ्यावर कित्येक शतके राज्य केले, त्याचा हिशेब स्वयंपाकघरात सापडतो. काटाचमच्यातला काटा प्रमाणभाषेत विलित्सा, किनाऱ्यावर पिरून. टॉवेल रुच्निक, तिकडे शुगामान. टोमॅटोची कथा तर नकाशासारखी वाचता येते : पुस्तकात रायचित्सा, किनाऱ्यावर इटालियन वळणाचा पोमिदोर, झाग्रेबकडे ऑस्ट्रियाहून आलेला पारादायझ. स्लावोनियात तुर्की शब्द अधिक.

कायकावियनची खरी गंमत भविष्यकाळात आहे. प्रमाणभाषा ‘इच्छिणे’ या क्रियापदाची मदत घेते. झाग्रेबकर ‘असणे’ची घेतो. ‘मी सांगेन’ हे पुरुष ‘बुम रेकेल’ असे म्हणतो, स्त्री ‘बुम रेक्ला’. न घडलेल्या गोष्टीतही बोलणाऱ्याचे लिंग कळते. ही रचना शेजारच्या स्लोव्हेनियनशी जुळते, आणि ‘काय’ तर स्लोव्हेनियनही म्हणतात. उलट श्तोकावियन ही बोस्निया, सर्बिया, मॉन्टेनेग्रोचीही बोली. बोलीची रेघ आणि राष्ट्राची रेघ इथे एकमेकींवर बसत नाहीत.

मग राजधानी ‘काय’ म्हणणारी असताना प्रमाणभाषा ‘श्तो’ची कशी झाली? ल्युदेवित गाय या गृहस्थामुळे. 1809 मध्ये क्रापिना या कायकावियन गावात जन्मलेल्या गायने 1835 मध्ये वृत्तपत्र काढले. त्याची ‘दानित्सा’ ही साहित्यपुरवणी पहिल्या वर्षी बहुतांशी कायकावियनमध्येच निघाली. पुढच्याच वर्षी तिने बोली आणि लिपीची पद्धत दोन्ही बदलली. हिशेब राजकीय होता. हाब्सबर्ग साम्राज्यात क्रोएशियन लोक वेगवेगळ्या कारभारांत विभागलेले, डोक्यावर हंगेरियन भाषेचा दबाव. अशा वेळी सर्वाधिक लोकांची आणि दुब्रोव्निकच्या गुंदुलिचसारख्या कवींची बोली हाच धागा त्याला बळकट वाटला. आपल्या जन्मगावची बोली बाजूला ठेवणारा असा सुधारक विरळाच.

सगळ्यांना ते पटले नाही. इग्नात्स क्रिस्तियानोविच नावाचे पाद्री 1850 पर्यंत कायकावियनमधून वार्षिक पंचांग काढत राहिले. त्यांच्या बाजूला वजनही होते : कायकावियनमध्ये सोळाव्या शतकापासून छापील ग्रंथ होते. चाकावियन तर त्याहून जुनी. क्र्क बेटावरचा इ. स. 1100 च्या सुमाराचा बाश्काचा शिलालेख ग्लागोलिती लिपीत आहे आणि त्याच्या चर्चस्लाव्हिक भाषेत चाकावियन वळणे दिसतात. स्प्लिटच्या मार्को मारुलिचचे ‘युदिता’ हे महाकाव्य 1521 मध्ये व्हेनिसला छापले गेले, तेही चाकावियनमध्येच.

शाळा आणि कचेरी ‘श्तो’ने जिंकली, पण हसणे-रडणे बोलींकडे राहिले. मिरोस्लाव्ह क्र्लेझाने एरवी प्रमाणभाषेत लिहिले; 1936 चा ‘बालादे पेत्रित्से केरेम्पुहा’ हा त्याचा कवितासंग्रह मात्र कायकावियनमध्ये आहे आणि तो त्याच्या सर्वोत्तम पुस्तकांत गणला जातो. टीव्हीवर 1970 मध्ये मिल्येंको स्मोये यांची ‘नाशे मालो मिस्तो’ ही मालिका आली. ‘आमचे छोटेसे गाव’ असा त्याचा अर्थ. नावातले ‘मिस्तो’ (प्रमाण ‘म्येस्तो’) ऐकूनच प्रेक्षकाला कळत असे की गाव डाल्मेशियातले. पाच वर्षांनी ‘ग्रुंतोव्चानी’ने पोद्राविनाचे शेतकरी कायकावियन बोलतच घराघरांत आणले.

देशाबाहेरचा अध्याय तुर्कांनी लिहिला. त्यांच्या स्वाऱ्यांपुढे पळालेली चाकावियन कुटुंबे सोळाव्या शतकात आजच्या ऑस्ट्रियातल्या बुर्गेनलांडमध्ये वसली. तिथे ‘चा’ अजून ऐकू येते. काही जण समुद्र ओलांडून इटलीच्या मोलिझे भागात गेले. तिथल्या तीन गावांत ‘श्तो’वाली, पण ‘इ’ स्वराची बोली टिकून आहे. इटालियन शब्दांनी ती इतकी भरली आहे, की झाग्रेबच्या पाहुण्यालाही तिथे कान देऊन ऐकावे लागते.