आठव्या ओळीतलं झाड

ब्रिटनमध्ये झाडं लावायचा मोसम नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे चिखल, चार वाजता अंधार आणि हातात उघड्या मुळांचं, एकही पान नसलेलं, गुडघाभर रोप. झाड झोपेत असताना लावलं की त्याला धक्का कमी बसतो, म्हणून ही वेळ. भारतात वनमहोत्सव जुलैत, पावसाच्या भरवशावर. तेव्हा तुमच्यापैकी जे वीकेंडच्या मराठी वर्गात धाकट्यांना शिकवतात, त्यांनी लागवडीसोबत श्रावणाची कविता घेतली तर मुलं एकमेकांकडे बघणारच.

मग कुठली घ्यावी? माझं मत बालकवींच्या (१८९०–१९१८) ‘औदुंबर’ला. आठच ओळी, आणि गंमत म्हणजे झाड येतं थेट आठव्या ओळीत. आधी झरा, गाव, शेतं, पायवाट, डोह. झाड कुठे आहे ते अगोदर कळतं, मग झाड.

लावणाऱ्यालाही हेच करावं लागतं. पाणी कुठे साचतं, ऊन कुठून येतं, वरून तारा जातात का, लोक कुठून चालतात, हे पाहिल्याशिवाय खड्डा खणायचा नाही. औदुंबर, म्हणजे आपला उंबर, निसर्गात ओढ्या-नद्यांच्या काठी वाढतो. कवीने त्याला उगाच पाण्यापाशी नेलेलं नाही. म्हणून मुलांना सांगा: सात ओळी जागेबद्दल लिहा, झाड शेवटी. नाहीतरी काडीएवढ्या रोपाबद्दल लिहिणार काय!

आता नावं. उंबर इथल्या थंडीत बाहेर तगत नाही. इथल्या हेझलला, रोवनला रुळलेलं मराठी नाव नाही. ओढूनताणून पाडू नये, हेझलला हेझलच म्हणावं. पण काही नाती खरी आहेत. कालव्याकाठचा विलो हा आपल्या वाळुंजाचा भाऊबंद. पांढऱ्या सालीचा बर्च हिमालयातल्या भूर्जाचा; त्याच्याच सालीवर, भूर्जपत्रांवर, पोथ्या लिहीत. ‘बर्च’ आणि ‘भूर्ज’ हे शब्दसुद्धा एकाच मुळातले. हे कळलं की मुलाला आपल्या वहीतला शब्द उसना वाटत नाही. (नावं हरवणं हे फक्त मराठीचं दुखणं नाही. ऑक्सफर्डच्या मुलांसाठीच्या कोशातून २००७ साली एकॉर्न, ब्लूबेल असे शब्द गळले. रॉबर्ट मॅकफार्लन आणि जॅकी मॉरिस यांचं २०१७ चं ‘द लॉस्ट वर्ड्स’ हे पुस्तक अशाच हरवणाऱ्या शब्दांवर आहे.)

रोपं मिळणं अवघड नाही. वुडलँड ट्रस्ट ती शाळांना आणि स्थानिक गटांना मोफत देते. अवघड असतं ते पुढे. पहिली दोन-तीन वर्षं बुंध्याभोवतीचं गवत काढत राहावं लागतं, नाहीतर ते रोपाचं पाणी पळवतं. लागवडीला गर्दी होते, गवत काढायला कोणी फिरकत नाही.

म्हणून कवितेचा तास लागवडीच्या दिवशी ठेवूच नका. त्या दिवशी बोटं गारठलेली असतात आणि सगळ्यांना फोटो हवे असतात. मे-जूनमध्ये ठेवा, तण काढायच्या दिवशी. वही सोबत न्या, आधीच्या वर्षीच्या सात ओळी जागेशी ताडून बघा आणि आठवी नव्याने लिहा.