या खोलीतून त्या खोलीत

ठाण्यातले आमचे बिऱ्हाड तीन खोल्यांचे. माणसे तीन आणि यंत्रे सहा, असा हल्लीचा हिशेब आहे: आम्हां तिघांचे तीन मोबाईल, एक संगणक, एक टीव्ही आणि कपाटात जपून ठेवलेला आईचा जुना फोन. या सहाव्या यंत्राने गेल्या दिवाळीत मला जे शिकविले, ते वाचकांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे सांगतो.

आई जाऊन दीड वर्ष झाले होते. अखेरीस तिचा हात फार कापे, लिहिणे होत नसे. म्हणून आमच्या कन्येने तिला फोनवर बोलून ठेवायला शिकविले. मग काय विचारता! चकलीची भाजणी, अनारशाचे पीठ, कुणाच्या मुंजीत कोण रुसले होते, इथपर्यंत सारे तिने त्या फोनला सांगून ठेवले. एकंदर ४३ ध्वनिमुद्रणे, दोनेकशे फोटो आणि नातीने काढलेले काही व्हिडिओ. दिवाळीला आठवडा उरला असताना भाजणीचे प्रमाण ऐकावे म्हणून हिने तो फोन काढला आणि काळजीच्या सुरात म्हणाली, “अहो, हा आता फार दिवसांचा सोबती दिसत नाही.”

खरेच होते ते. चार्जरची तार एका विशिष्ट कोनात धरून बसावे तेव्हा कुठे त्याच्यात धुगधुगी येई. तारेने संगणकाला जोडला, तर संगणक ओळखच दाखवीना. सिमकार्ड केव्हाच बंद झालेले, त्यामुळे व्हॉट्सॲपचा मार्ग खुंटला. गूगल जी १५ जीबी जागा फुकट देते, ती ‘सुप्रभात’च्या गुलाबांनी आधीच व्यापली होती. सहा जीबींचा ऐवज, संगणकापासून जेमतेम दहा पावलांवर. आणि न्यायला वाट नाही!

मेहुण्यांना विचारले. ते म्हणाले, “पूर्वी ते शेअरइट होतं ना?” होते खरे, पण २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ५९ ॲपांवर बंदी घातली, त्यांत शेअरइट गेले आणि झेंडरही गेले. तेव्हा मी स्वतःच शोधाला लागलो. फुकट म्हणविणाऱ्या ॲपांना तोटा नव्हता. पहिले उघडले, तर फायलींच्या आधी रमीची जाहिरात पुढे आली. दुसऱ्याने माझ्या फोनमधली सर्व नावे आणि नंबर पाहू द्या म्हणून हट्ट धरला. आता सामान उचलायला आलेल्या हमालाने सोयऱ्याधायऱ्यांची यादी कशाला मागावी? तिसऱ्याने दहा फोटो मुकाट्याने नेले आणि अकराव्याला पैसे मागितले. ‘फुकट’ हा शब्द फार जपून वाचावा, हा पहिला धडा मी त्या दुपारी घेतला.

संध्याकाळी कन्या कॉलेजातून आली. माझा अवतार पाहून म्हणाली, “बाबा, घरातल्या घरात फाइल न्यायला इंटरनेट लागतं कशाला?”

मी अवाक् झालो. वायफाय म्हणजेच इंटरनेट, अशी माझी आजवरची ठाम समजूत! तिने ती खोडून काढली. वायफायचा राउटर म्हणजे चाळीची गॅलरी समजा. तो घरातल्या प्रत्येक यंत्राला खोलीचा नंबर देतो. पुष्कळदा तो १९२.१६८ ने सुरू होतो आणि केवळ घरगुती वापरासाठी राखलेला असतो. बाहेरच्या जगात तो चालत नाही. गॅलरीच्या टोकाला रस्त्यावर उघडणारा दरवाजा आहे, ते इंटरनेट. शेजारणीकडे फराळाचे ताट पाठवायचे, तर आपण ते टपालाने पाठवितो का? वर रुमाल झाकून गॅलरीतून नेऊन देतो. मी मात्र या खोलीतले ताट त्या खोलीत नेण्यासाठी सारे जग पालथे घालीत होतो.

तिने सुचविलेले ॲप म्हणजे लोकलसेंड. ते खरोखरीच फुकट आहे. जाहिरात नाही, खाते उघडणे नाही. त्याचा सारा आराखडा कुणालाही वाचता येईल असा खुला ठेवलेला आहे. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स या सर्वांवर ते चालते आणि फायली कुलूपबंद करून थेट या यंत्रातून त्या यंत्रात नेते. मध्ये कुणाचे गोदाम नाही. गंमत म्हणजे, ते प्रत्येक यंत्राला आपणहून एक विशेषण आणि एक फळ किंवा भाजी मिळून नाव देते. माझा संगणक झाला ‘वाइज पोटॅटो’. “शहाणा बटाटा! नाव मालकावरूनच ठेवलंय,” इति सौभाग्यवती. आईच्या फोनचे नाव निघाले ‘पेशंट कोकोनट’. सोशिक नारळ! त्यावर मात्र कुणी काही बोलले नाही.

पण नारळाला बटाटा दिसेना आणि बटाट्याला नारळ. कन्येने राउटर तपासला आणि कारण सापडले. पाहुण्यांसाठी वेगळे नाव देऊन ठेवलेले जे वायफाय असते, त्यावर मीच कधीतरी आईचा फोन जोडून ठेवला होता. पाहुण्यांना इंटरनेट मिळते, पण घरच्या यंत्रांकडे राउटर त्यांना फिरकू देत नाही. आईचा फोन तिच्याच घरात पाहुणा होऊन बसला होता! त्याला घरच्या वायफायवर आणले. संगणकात हे नेटवर्क ‘सार्वजनिक’ म्हणून नोंदलेले होते, ते ‘खासगी’ केले. तत्क्षणी दोघांची भेट झाली.

मी तार कोनात धरून बसलो आणि फायली येऊ लागल्या. निम्म्यावर आलो असू, तोच राउटरवरचा इंटरनेटचा दिवा लाल झाला. कोपऱ्यावर रस्ता खणताना कुणीतरी केबल तोडली होती. माझ्या काळजाचा ठोका चुकला. पण फायली येतच राहिल्या! रस्त्याचा दरवाजा बंद झाला म्हणून गॅलरी थोडीच बंद होते? अर्ध्या तासात सारे संगणकात आले. हिने पहिलीच फाइल लावली. “चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ. मंद आचेवर भाज. घाई करू नकोस, तुला सवय आहे.” ही पदराने डोळे पुसत हसली, “बघा, अजून बोलताहेतच मला!”

आता थोडे व्यवहाराचे. दोन्ही फोन अँड्रॉइड असतील, तर क्विक शेअर बहुधा आधीच त्यांत असते. २०२० साली ते ‘निअरबाय शेअर’ म्हणून आले, २०२४ पासून हे नाव आहे. ॲपलच्या यंत्रांना आपसांत एअरड्रॉप आहे. संगणकातला व्हिडिओ न हलविता फोनवर पाहायचा असेल, तर संगणकावर ते फोल्डर सामायिक करावे आणि व्हीएलसी या फुकट ॲपातून उघडावे. ॲप अधिकृत दुकानातूनच घ्यावे, ते काय काय मागते ते वाचावे, आणि स्टेशनवर किंवा हॉटेलात अनोळखी नावाने आलेली फाइल स्वीकारू नये. शेवटचे म्हणजे, एक प्रत ही प्रत नव्हे. आम्ही दुसरी पेनड्राइव्हवर घेऊन नागपूरला धाकट्या भावाकडे पाठविली.

पाडव्याच्या दिवशी आईचा फोन मिटला तो कायमचाच. म्हणून सांगतो, दिवाळीची आवराआवर करताना कपाटाच्या तळाशी एखादा जुना फोन हाती लागला, तर तो भंगारात देण्याआधी एकदा सुरू करून पाहा. त्याला फार लांब न्यायचे नाही. या खोलीतून त्या खोलीत एवढेच.