वाऱ्याची उफणणी

२३ जानेवारी २०२२, रविवार. मुंबई-नवी मुंबईवर भुरकट पडदा पसरला होता. नवी मुंबईतल्या बोनकोडे गावाच्या गल्लीत उभ्या गाड्यांच्या काचांवर पांढुरकी पूड साचली. चिमटीत चोळली तर रवाळ मुळीच नाही, पिठासारखी मऊ. ती पाकिस्तानच्या बाजूने, अरबी समुद्र ओलांडून आली होती. कराची इथून सुमारे ९०० किलोमीटर!

धूळ इतक्या लांब आली, मग वाळू का नाही आली? बोनकोड्याच्या जुन्या माणसांना हे समजावून सांगायला नको. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, त्याआधी हा पट्टा भातशेतीचा. खळ्यावर वारं सुटलं की सूप उंच धरून भात हळूहळू सोडायचं. दाणा पायाशी पडतो, फोल वाऱ्याबरोबर जातं. वाळवंटात वारा हजारो वर्षं हीच उफणणी करतो आहे.

धुळीचा कण मिलिमीटरच्या सोळाव्या भागाहून बारीक. वर गेला की कित्येक दिवस तरंगू शकतो. वाळवंटातल्या वाळूच्या टेकडीतला कण साधारण पाव मिलिमीटरचा. तो तरंगत नाही, उड्या मारतो. वारा त्याला उचलून पुढे फेकतो, तो आपटतो आणि पडता पडता दुसऱ्या कणांना उडवतो. हे सारं जमिनीलगत चालतं. म्हणून वाळवंटातले काही खडक पायथ्याशीच झिजून अळंबीसारखे दिसतात.

वाटेत झुडूप आलं की वारा मंदावतो, वाळू टाकतो. मग तो ढीगच वाऱ्याला अडवू लागतो. कण सौम्य उतारावरून माथ्यावर चढतात आणि पलीकडे घसरतात. पलीकडचा उतार सुमारे ३३ अंशांचा. त्याहून उभी कोरडी वाळू टिकत नाही, कोसळते. अशी चढत-घसरत अख्खी टेकडी पुढे सरकते! वाळू थोडी आणि वारा एकाच दिशेचा असला की तिची चंद्रकोर होते, टोकं वारा जाईल तिकडे. थरच्या वाळवंटात मात्र झुडपं दोन्ही कडा धरून ठेवतात, मधला भाग पुढे जातो आणि कोर उलटी होते. खुरट्या झुडपांनी वाळूच्या टेकडीचं तोंड फिरवावं, याहून विलक्षण मला यात काही वाटत नाही.

वाऱ्याच्या दुपारी अलिबागला किंवा गुहागरला गेलात, तर कोरड्या वाळूवर अनवाणी उभे राहा. घोट्यांना टोचेल, तोंडाला नाही. मग खाली वाकून बघा: कणांच्या उड्या डोळ्यांना दिसतात.