उत्सर्ग, अपवाद आणि व्हर्च्युअल मशीनची डिस्क

व्याकरणात उत्सर्ग म्हणजे सामान्य विधी आणि अपवाद म्हणजे त्याला बाधणारा विशेष विधी. अपवादाला जेथे अवकाश नाही, तेथे उत्सर्ग प्रवृत्त होतो. संगणकशास्त्रात ज्याला ‘डिफॉल्ट’ म्हणतात, तो या उत्सर्गाचाच सगोत्र होय. मात्र पाणिनीचा उत्सर्ग सूत्ररूपाने डोळ्यांसमोर असतो. संगणकाचा उत्सर्ग बहुधा ‘पुढे’ या बटणाआड दडलेला असतो.

जुन्या कोशांची व ध्वनिविश्लेषणाची कित्येक साधने जुन्या विंडोजवरच चालतात. त्यामुळे संगणकाच्या पोटात दुसरा संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, उभे करण्याची पाळी भाषाभ्यासकावरही येते. अशा मशीनची स्मृती मागाहून सहज वाढविता येते. डिस्कचे तसे नाही. ती कोणत्या जोडणीने बसविली आहे हे प्रस्थापनेच्या वेळीच पाहुणी प्रणाली शिकते आणि पुढे तेच गृहीत धरते.

लिनक्सवरील केव्हीएम व क्यूएमू यांचे उदाहरण घेऊ. व्हर्ट-मॅनेजरला पाहुण्या प्रणालीचे नाव सांगितले नाही, तर डिस्क आयडीई किंवा साटा पद्धतीने जोडली जाते. ही खऱ्या यंत्रसामग्रीची नक्कल असून प्रत्येक वाचन-लेखन त्या नकलेतून जाते. साहजिकच वेग घटतो. यावर उपाय म्हणून योजलेली व्हर्टआयओ जोडणी 2008 पासून लिनक्सच्या गाभ्यात आहे. तरीही डिफॉल्टला सरसकट चूक म्हणणे अन्यायाचे होईल. विंडोजच्या प्रस्थापकाला व्हर्टआयओ मुळातच ठाऊक नसते. ती जोडणी दिल्यास त्याला डिस्क दिसतच नाही. अज्ञात पाहुण्यासाठी सर्वांना कळणारी बोली निवडली, एवढाच त्या उत्सर्गाचा दोष.

मागाहून जोडणी एकदम बदलली, तर विंडोज आरंभीच थांबते. म्हणून प्रथम एक लहान डिस्क व्हर्टआयओने जोडावी, तिच्या निमित्ताने चालक बसवून घ्यावा आणि मग मुख्य डिस्क बदलावी. लिनक्समध्ये चालक सामान्यतः असतोच. पण ‘एसडीए’ या डिस्कचे नाव ‘व्हीडीए’ होते आणि जुन्या नावाने केलेल्या नोंदी निरर्थक ठरतात. ही नावे दर्शक सर्वनामांसारखी आहेत. जागा बदलली की निर्देश बदलतो. यूयूआयडी हे मात्र विशेषनाम होय, आणि नोंदी त्यानेच कराव्यात.

दुसरा प्रश्न आकाराचा. व्हर्च्युअलबॉक्सची डिफॉल्ट डिस्क लागेल तशी वाढणारी असते. आत मजकूर पुसला तरी बाहेरची फाइल आपोआप आकसत नाही. त्यासाठी रिकाम्या जागेची वार्ता यजमानापर्यंत पोचविणारी ‘डिस्कार्ड’ सोय मुद्दाम चालू करावी लागते. समजा, 500 जीबीच्या यजमानावर प्रत्येकी 200 जीबीची चार मशीने आहेत. 800 जीबीचे वचन दिले गेले आणि कोणी हरकत घेतली नाही! यजमानाची जागा संपताच क्यूएमू पाहुण्याला जागीच थांबविते. जागा मोकळी केल्यास काम पुढे चालू होते. परंतु मशीन निश्चल दिसले म्हणून घाईने बंद केले, तर न लिहिलेला मजकूर जातो.

तेव्हा प्रणालीचे नाव आरंभीच नमूद करावे आणि प्रस्थापनेपूर्वी मांडणी तपासण्याचा पर्याय निवडावा. क्षेत्रकार्यातील ध्वनिमुद्रणांसाठी तर पूर्ण जागा आधीच राखून ठेवणारी डिस्क घेणे प्रस्तुत लेखकास अधिक पसंत आहे. ती जागा अडविते खरी. पण जागा अपुरी असेल, तर तसे मुद्रणे साठविण्यापूर्वीच कळते.