जायफळ : उगाळण्याची मात्रा आणि भाट्ये येथील लागवड

कोकणात जायफळ घरोघरी परिचित असले, तरी त्याचे झाड पाहिलेली माणसे फार काळ विरळाच होती. जायफळ हा मूळचा इंडोनेशियातील बांदा बेटांवरील सदाहरित वर्षावनातील वृक्ष होय. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगाचा जवळजवळ सर्व पुरवठा तेथूनच होत असे. वाळलेले बी मात्र भारतात फार पूर्वीच पोहोचले होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मुखशुद्धीसाठी तोंडात धरावयाच्या द्रव्यांत त्याचा समावेश आहे, तर भावप्रकाशात ते उष्ण, दीपन व ग्राही मानले आहे. अतिसारावरील घरगुती उपयोग याच ग्राही गुणाशी जुळतो.

प्रस्तुत विषयात सर्वाधिक महत्त्वाची बाब म्हणजे मात्रा. बाळगुटीत जायफळ कुटून घालीत नाहीत. ते सहाणेवर उगाळतात आणि वेढे मोजतात. एका वेढ्यात द्रव्याचा केवळ अंश उतरतो. जायफळाच्या तेलात मिरिस्टिसिन हे द्रव्य असते. प्रौढ व्यक्तीने सुमारे 5 ग्रॅम चूर्ण, म्हणजे जवळजवळ एक अख्खे जायफळ घेतले, तरी धडधड, मळमळ, तोंडाला कोरड आणि भ्रम संभवतो. तयार पूड किंवा तेल हाती आले की वेढ्यांचे हे माप नाहीसे होते, हा खरा धोका होय. शिवाय जागतिक आरोग्य संघटना पहिले 6 महिने केवळ स्तनपानाची शिफारस करते. त्यामुळे परंपरा म्हणून गुटीचे सरसकट समर्थन करता येत नाही.

पाककृतीतही हेच प्रमाण दिसते. श्रीखंड, बासुंदी, पुरण यांत जायफळ शेवटी आणि किंचित किसून घालतात. पुरणपोळीनंतरच्या सुस्तीचे खापर जायफळावर फोडले जाते. त्यात पुरण व तूप यांचा वाटा अधिक असावा! देवापुढील त्रयोदशगुणी विड्यात जायफळ व जायपत्री ही दोन स्वतंत्र द्रव्ये गणली जातात, वस्तुतः ती एकाच फळातील बी आणि त्यावरील लाल जाळी होत. याच विड्यात खोबरेही असते.

विड्यातील ही जोडी भाट्ये येथे एकाच बागेत आढळते. रत्नागिरीजवळील या गावात 1955 पासून नारळ संशोधन केंद्र आहे व ते आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. तेथील ‘लाखी बाग’ पद्धतीत चार नारळांच्या मध्यभागी जायफळ, दोन नारळांच्या मध्ये दालचिनी आणि नारळाच्या खोडावर काळी मिरी लावतात. नारळाची सावली व दमटपणा वर्षावनातील या झाडास मानवतो.

अडचण निराळीच आहे. जायफळाची नर व मादी झाडे बहुधा वेगवेगळी असतात आणि रोपाचे लिंग फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सुमारे 6 ते 8 वर्षे, कळत नाही. बियांपासून केलेल्या लागवडीत निम्मी झाडे नर निघू शकतात. लहान बागायतदारास ही प्रतीक्षा परवडणारी नाही, म्हणून मादी झाडाच्या काडीचे कलम लावणे श्रेयस्कर ठरते. परागीभवनासाठी मात्र थोडी नर झाडे राखावीच लागतात. फळाच्या वजनाचा बहुतांश भाग असलेली मांसल साल अनेकदा बागेतच टाकली जाते. तिचे लोणचे, मुरंबा व सरबत करता येते.